वेन्डेलचं मत

त्या शुक्रवारी लव्हॉन नायस्वाँगर डोक्याला कर्लर लावलेले असतानाच माझ्या दुकानातून उठून चालती झाली. खांद्यावर माझा टॉवेल, डोक्यावर गुलाबी कर्लरांच्या रांगा, हातात पर्स. बँकेवरून, पोस्टावरून, धान्याच्या कोठारावरून ती ताठ मानेनं घरी गेली, आणि दुपारपर्यंत सगळ्या नेटल क्रीक गावाला कळलं की डार्लाचं, म्हणजे माझं, आणि लव्हॉनचं वाजलं. कशावरून ते मात्र कुणालाच कळलं नाही. लोकांना वाटलं, केसांचा रंग बिघडला असेल. डोंबलाचा रंग! माझ्या हातून आजवर कुणाचा रंग बिघडलेला नाही.

वाजलं ते शाळापट्टीवरून.

आमच्याकडे शाळेला पैसे पुरेनासे झाले की शाळा गावापुढे हात पसरते. घरांवर आणि जमिनींवर जास्तीची पट्टी बसवू द्याल का, असं मतपत्रिकेवर छापून येतं, आणि आपण एक तर पट्टीच्या बाजूचा गोल काळा करायचा, नाही तर विरोधाचा. त्याआधी महिनाभर अंगणाअंगणांत पाट्या लागतात, आणि चर्चमध्ये एका बाकावर बसणारी माणसं एकमेकांची पाटी बघून न बघितल्यासारखं करतात. गेल्या नोव्हेंबरात पट्टी पडली. मे महिन्यात पुन्हा आणली, पुन्हा पडली, तीही अगदी काठावर. आता या नोव्हेंबरात पडली तर मोठ्या पोरांची बस बंद, बँड बंद, आणि पुढची पायरी सगळ्यांनाच ठाऊक होती. शाळेला कुलूप, आणि पोरं शेजारच्या फोर्ट बेन्सन गावच्या शाळेत. फोर्ट बेन्सन! ज्यांच्या फुटबॉल टीमच्या टोप्या आमच्याकडे कुणी फुकट दिल्या तरी घालत नाही! शिवाय शाळा गेली की गाव कसं जातं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आईच्या गावात आता एक धान्याची टाकी आणि एक पत्रपेटी उरलीय. इथं तसं झालं तर मी केस कुणाचे करायचे, टाकीचे?

आता लव्हॉनबद्दल सांगते, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल.

लव्हॉननं उभा जन्म शाळेची बस चालवली. मी तिच्याच बसमधून शाळेत गेले, माझी मुलगी गेली, आणि नातीच्या पहिल्या दोन वर्षांतही स्टिअरिंगवर लव्हॉनच होती. समोरच्या आरशातून तिला सगळं दिसायचं. "डार्ला, खाली बस," एवढंच म्हणायची, आणि माझे गुडघे आपोआप वाकायचे. अजूनही वाकतात. बर्फाच्या दिवसांत एखादं पोर रस्त्यावर उभं दिसलं नाही तर ही बस थांबवून हॉर्न वाजवायची, मग त्या घराची सगळी आळी जागी झाली तरी बेहत्तर. एका पायात बूट, तोंडात पावाचा तुकडा असं ते पोर धावत यायचं आणि ही म्हणायची, "सावकाश. बस तुझीच आहे."

तिचा नवरा वेन्डेल गायीवाला. मोठे कान, थोडं बोलणं. पट्टी बसते ती जमिनीवर, आणि त्याच्याकडे जमीन पुष्कळ पण हातात पैसा कमी. म्हणून तो प्रत्येक वेळी विरोधात. लव्हॉन शाळेची, म्हणून ती प्रत्येक वेळी बाजूनं. घरात यावरून कधी भांडण झालं नाही. मतदानाच्या दिवशी दुपारी वेन्डेल अंगणात पिकअप चालू करायचा आणि ओरडायचा, "चल गं, एकमेकांना खोडून येऊ!" दोघं मेथॉडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जायची, शेजारी शेजारी उभी राहून गोल काळे करायची, आणि मग तळघरात बायकांनी केलेले नूडल्स खायला उतरायची. बटाट्याच्या लगद्यावर चिकनचे नूडल्स, वर मिरपूड. जिन्यात कुणी विचारलं, "काय, कुणाचं वर झालं?" की दोघं एकदम म्हणायची, "फिट्टंफाट!"

इतक्या वर्षांत एकदाच खंड पडला. त्या वर्षीची पट्टी बसच्या फेऱ्यांसाठी होती. ती पडली असती तर ओढ्यापलीकडची फेरी रद्द, म्हणजे लव्हॉनचीच. आणि नेमक्या त्या दुपारी वेन्डेलचा निरोप आला की शेजारच्या मर्लची गाय अडलीय, मला येता येत नाही. लव्हॉन एकटी गेली, एकटीनं मत दिलं, पट्टी पास झाली, तिची फेरी वाचली. दुसरी कुणी असती तर नाचली असती. ही आठवडाभर नवऱ्याशी बोलली नाही. "समोरच्या पारड्यात कुणी नसताना तराजूत बसल्यासारखं वाटलं मला," हे ती आजही पत्ते खेळताना सांगते आणि मर्लच्या त्या गायीला शिव्या घालते.

वेन्डेल गेल्या वर्षी उन्हाळ्यात गेला. झोपेतच गेला बिचारा.

तर तो शुक्रवार. लव्हॉन दर शुक्रवारी केस सेट करायला येते. तिला केस वाळवायच्या टोपड्याखाली बसवून मी झाडत होते आणि बडबडत होते. दुकानात आम्ही दोघीच. मी म्हणत होते, मे महिन्यात कुणी पाडली पट्टी, मला एकदा नावं कळू देत त्या मेल्यांची. स्वतः इथंच शिकले, इथल्याच बसमधून फिरले, आणि आता पोरांच्या तोंडचं काढतात, लाज कशी वाटत नाही मी म्हणते!

टोपड्याखालून आवाज आला, "मी."

मला वाटलं तिला पाणी हवंय. मी टोपडं वर केलं. "काय म्हणालीस?"

"मी विरोधात दिलं. मे महिन्यात."

मी झाडू धरून उभीच. "तू? लव्हॉन, तू? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ओरडू नकोस गं. ऐक तरी. गेल्या नोव्हेंबरात मतपत्रिका हातात आली, आणि शेजारी वेन्डेल नाही. मी दोन्ही गोल कोरे ठेवले. म्हटलं, तो असता तरी उत्तर शून्यच होतं. पण मग मे आला. त्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता. म्हटलं, मी जन्मभर माझं देत आले. आता आमच्या घरात एकच कागद येतो. दर वेळी मी माझंच भरलं तर त्याला कुणी विचारलंच नाही असं होईल. माझं एकटीचं मत पेटीत पडलं की तो खरंच गेला, डार्ला. म्हणून एकदा त्याचं दिलं."

आता तुम्ही म्हणाल, हे ऐकून तुझं मन विरघळलं असेल. नाही विरघळलं. माझ्या डोळ्यांसमोर फोर्ट बेन्सनची बस आली आणि माझं डोकंच फिरलं. "अगं, मेलेल्या माणसाला मत नसतं!" मी ओरडले. "तो जमिनीखाली आहे. त्याला कसली आलीय पट्टी? बसची पोरं वर आहेत, जिवंत! तू त्यांना रस्त्यावर सोडून त्याच्या थडग्याला खूश करत बसलीस!"

लव्हॉननं पर्स उचलली. टॉवेल सावरला. "तोंड सांभाळ, डार्ला," एवढंच म्हणाली, आणि गेली. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

रात्रभर मी चरफडले. मी म्हटलं ते खरंच होतं, अजूनही मी त्यावर ठाम आहे, पण ते थडग्याचं बोलायला नको होतं. सकाळी कंगवा आणि स्प्रे घेऊन तिच्या घरी गेले. दार तिनंच उघडलं. डोक्यावर कर्लर तसेच! बाई रात्रभर त्यांच्यावर झोपली होती.

"तू येशील म्हणून ठेवले," ती म्हणाली. "आणि मला एकटीला काढता येत नाहीत."

स्वयंपाकघरात टेबलाशी मर्ल डर्कसेन कॉफी पीत बसला होता. तोच तो, अडलेल्या गायीचा शेजारी. वेन्डेलचा लहानपणापासूनचा दोस्त. लग्न केलं नाही, पोर नाही बाळ नाही. वेन्डेल गेल्यापासून लव्हॉनची जमीन तोच कसतो. पट्टीचा गावातला पहिला शत्रू कोण विचाराल तर हा. त्याची विरोधाची पाटी घरी रंगवलेली, लाकडी, दारासारखी मोठी. दर निवडणुकीला गोठ्यातून बाहेर निघते, फक्त वर्ष तेवढं नवं रंगवतो.

"शाळा पोरांची," मर्ल मला बघताच सुरू झाला, "आणि पट्टी माझ्या मातीवर. ज्यांची चार पोरं शिकतात त्यांचं भाड्याचं घर, आणि माझं एकही पोर नाही तर—"

"पाठ आहे मला ते, मर्ल," मी म्हटलं. "कॉफी पी."

पण खरं सांगायचं तर त्याचं सगळंच काही चूक नव्हतं. त्याच्या छपराला गळती होती हे मला माहीत होतं. फक्त ते मी त्याला कधी सांगितलं नसतं.

मी कर्लर काढायला लागले. केस सुरेख बसले होते. लव्हॉन पुढ्यातल्या कपाकडे बघत म्हणाली, "मर्लला सांगितलं मी कालचं सगळं. मला आता कळतच नाही काय करायचं. बाजूनं द्यावं तर वेन्डेलला एकटं पाडल्यासारखं. विरोधात द्यावं तर बसच्या आरशातली सगळी तोंडं दिसतात. झोप नाही मला."

मर्लनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "एवढंच ना? वेन्डेलचं मत मी देतो."

"आणि तुझं?"

"माझं मी आजवर पोटभर दिलंय. या खेपेला वेन्डेलचं. तू आपलं तुझं दे. मी दुपारी पिकअप घेऊन येतो, दोघं जाऊ, खोडून येऊ, नूडल्स खाऊ. नेहमीसारखं."

लव्हॉननं मान वर केली तर माझ्या हातातला कर्लर निसटला. "खरं सांगतोस? शब्द देतोस?"

"शब्द. वेन्डेलनं दिलं असतं तसंच देईन."

माझं गणित तोवर होऊन गेलं होतं. मर्ल तसाही विरोधातच देणार. त्याला ते वेन्डेलच्या नावानं द्यायचं असेल तर देऊ दे, जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावानं दे म्हणावं! लव्हॉन आमच्या बाजूला परत आली की झालं. "छान! ठरलं!" मी म्हटलं आणि दोघांवर स्प्रे मारला. मर्ल खोकत खोकत निघून गेला.

मतदानाच्या दिवशी मी तळघरात नूडल्स वाढायला होते. अंगात पट्टीच्या बाजूची अक्षरं छापलेला शर्ट. आमच्याकडे मतदानाच्या जागेपासून ठरलेल्या अंतरावर दोन छोटे झेंडे रोवतात. झेंड्यांच्या आत पट्टीबद्दल ब्र काढायचा नाही, पाटी नाही, बिल्ला नाही, शर्टावरची अक्षरंसुद्धा नाहीत. आणि झेंड्यांची मालकीण म्हणजे मतदानाच्या टेबलाशी बसणारी फिलिस. एरवी माझ्याकडे केस कापायला येते, हसते, बोलते. त्या दिवशी मात्र तिला कुणी ओळखीचं नसतं.

"डार्ला, शर्ट," ती सकाळीच म्हणाली.

"उलटा घातलाय की!"

"अक्षरं मागून दिसतायत. वर स्वेटर घाल."

"अगं, खाली चुलीपाशी मी उकडून मरेन!"

"मर. पण स्वेटर घालून मर."

तर मी घामानं निथळत दिवसभर बटाटे वाढत होते. दुपार झाली, लव्हॉन आणि मर्ल येईनात. जेवणाची गर्दी ओसरली तरी येईनात. शेवटी वर जाऊन बघितलं तर लव्हॉन दारातल्या बाकावर एकटीच. चांगला निळा कोट, नीट बसलेले केस, आणि चेहरा पार उतरलेला. अंगणात उभी राहून राहून शेवटी तिनं आपली गाडी काढली होती आणि एकटी आली होती. फोन अजून हातातच होता.

"मर्ल येत नाही म्हणतो," ती म्हणाली. "ओढ्यापलीकडच्या तुकड्यात मका उभा आहे. पाऊस सांगितलाय. मशीन थांबवता येत नाही."

"तेव्हा गाय, आता मका!" मी म्हटलं. "या माणसाला मतदानाच्या दिवशीच कसं सुचतं सगळं!"

"शब्द दिला होता गं त्यानं." तिनं फोन पर्समध्ये टाकला. "आता मी काय करू? खोडायला कुणीच नाही. मी आत जाऊन जो गोल काळा करीन तो तसाच राहणार. माझा एकटीचा. मला भीती वाटते, डार्ला. हसू नकोस."

मी हसत नव्हते. माझ्या तोंडात शंभर गोष्टी आल्या होत्या. म्हणणार होते, जा, बाजूनं दे, तुझ्या पोरांसाठी दे, बससाठी दे, माझ्या नातीच्या बँडमधल्या ट्रम्बोनसाठी दे! तोंड उघडलं, तर समोर फिलिस. टेबलामागून माझ्याकडे बघत होती. आम्ही बसलो होतो ती जागा झेंड्यांच्या आत. एक शब्द बोलले असते तर तिनं मला हाताला धरून बाहेर काढलं असतं, आणि लव्हॉनची काय शोभा झाली असती! जन्मात माझ्या जिभेला असा लगाम कुणी घातला नव्हता.

"नूडल्स चांगले झालेत," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

लव्हॉन माझ्याकडे बघत राहिली. मी मिरपूड जरा जास्त पडलीय असंही सांगितलं. पावसाचं सांगितलं. मग माझ्याकडचं सगळं संपलं आणि मी नुसता तिचा हात धरून बसले. तिचा हात थंड होता. बाहेर शाळा सुटली होती. एक पिवळी बस चर्चच्या कोपऱ्यावरून वळली आणि थांबली. कुणी तरी पोर अजून यायचं असावं, कारण ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

लव्हॉननं मान वळवून बघितलं. एक मुलगी पाठीवरचं दप्तर सांभाळत रस्त्यावरून पळत आली आणि चढली. बस गेली. लव्हॉन उठली, कोट खाली ओढला, आणि बस चालवायला निघाल्यासारखी आत गेली.

बाहेर यायला तिला खूप वेळ लागला. आली ती कोटावर मत दिल्याचा स्टिकर लावून.

"केला," ती म्हणाली. "एक गोल काळा केला."

"लव्हॉन!" फिलिस टेबलामागून गरजली.

"कुठला ते कुठं सांगितलं मी?" लव्हॉन म्हणाली. "नूडल्स आहेत का गं अजून?"

मी विचारलं नाही. ती खात होती आणि मधूनच डोळे पुसत होती. मी तिच्या ताटात आणखी बटाटा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर कळलं. पट्टी पास! काठावरच, पण यावेळी काठाच्या आमच्या बाजूला. मी स्वयंपाकघरात एवढ्यांदा किंचाळले की नात दात घासताना धावत आली. दोघी गळ्यात पडलो. तिनं तिथंच ट्रम्बोन काढला आणि मी पहिल्यांदाच तिला घरात वाजवू दिला.

दुकानात जायला निघाले. माझा रस्ता ओढ्यावरून जातो. आनंदात होते, इकडंतिकडं बघत होते, आणि पुलावर आले तशी पाय ब्रेकवर गेला. मर्लच्या त्या तुकड्यात एक कणीस उभं नव्हतं. नुसती खुंटं. मशीनच्या चाकोऱ्यांत मागच्या आठवड्याच्या पावसाचं पाणी साचलं होतं, त्यावर बर्फाची पापडी धरली होती, आणि रानबदकं आरामात चरत फिरत होती. मका कधीच कापून झाला होता! म्हणजे हा माणूस दडून बसला. त्या बाईला शब्द देऊन, अंगणात कोट घालून उभी करून! माझं डोकं असं तापलं की दुकान गेलं चुलीत म्हटलं आणि गाडी लव्हॉनच्या घराकडे वळवली.

अंगणात मर्लचा पिकअप होता. मागं ती दाराएवढी पाटी आडवी टाकलेली. आत तो टेबलाशी बसून सफरचंदाचा केक खात होता. लव्हॉनचं तोंड त्याच्यावर फुगलेलं दिसत होतं, पण केक वाढला होता.

"मर्ल डर्कसेन," मी दारातूनच म्हटलं, "ओढ्यापलीकडे काल कुठला मका उभा होता रे? तिथं बदकं फिरतायत! त्यांना विचारून आलेय मी!"

लव्हॉननं हातातली सुरी खाली ठेवली. "कापून झाला होता?"

मर्ल चावत राहिला. कानापर्यंत लाल झाला.

"तू वेन्डेलचं मत देणार होतास," लव्हॉन म्हणाली. "माझ्या टेबलाशी बसून शब्द दिला होतास."

"दिलं की."

"कुठं दिलंस? तू तर आलाच नाहीस!"

"वेन्डेलनं दिलं असतं तसं देईन म्हणालो होतो," मर्ल ताटलीशी बोलला. "तसंच दिलं. बसच्या वर्षी त्यानं दिलं होतं तसं."

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"त्या वर्षी तुझी गाय अडली होती," लव्हॉन हळू म्हणाली.

"माझी गाय आदल्या आठवड्यातच व्याली होती. कालवड झाली होती. चांगली उड्या मारत होती गोठ्यात."

"मग वेन्डेल दुपारभर तुझ्याकडे काय करत होता?"

"पत्ते खेळत होता. फार वाईट खेळला. सारखा घड्याळाकडे बघायचा. मी म्हटलं, अरे जा की मत द्यायला, ती वाट बघत असेल. तर म्हणाला, विरोधात दिलं तर तिची फेरी जाईल, ते माझ्यानं होणार नाही. आणि बाजूनं दिलं तर उद्या दाढी करताना आरशात बघायची चोरी. त्यापेक्षा तुझी गाय अडलीय असं सांग." मर्लनं नाक पुसलं. "मी सांगितलं, मला काय? माझं मी सकाळीच देऊन आलो होतो. विरोधात."

लव्हॉन खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. "आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही," ती म्हणाली. "आठवडाभर गार जेवण वाढलं त्याला, मर्ल! आणि तो मुकाट्यानं जेवला!"

"सांगितलं होतं त्यानं. म्हणाला, स्वस्तात सुटलो."

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मग दोन्ही एकदम. मीही रडले, कशाला लपवू? मर्ल घाबरून दाराकडे बघत होता, पण ताटलीत केक उरला होता म्हणून उठला नाही.

"म्हणजे एकदा त्यानं माझ्यासाठी द्यायचं ते दिलं नाही," लव्हॉन म्हणाली, "आणि मे महिन्यात मी त्याच्यासाठी नको ते दिलं." ती खिडकीशी गेली. बाहेर वेन्डेलच्या रिकाम्या कुरणावर ऊन पडलं होतं. "फिट्टंफाट रे, म्हाताऱ्या," ती तिकडं बघून म्हणाली. "झाली फिट्टंफाट."

मग परत येऊन तिनं मर्लच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा टाकला.

"काल माझं दिलं नाही, पण पुढच्या वेळी मी माझं मत देणार आहे," मर्ल पुटपुटला. "सांगून ठेवतो. विरोधात."

"दे की," लव्हॉन म्हणाली. "पिकअप घेऊन वेळेवर ये म्हणजे झालं."

तिनं ओट्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं. तो माझ्या दुकानातला होता, त्या शुक्रवारचा. मी तो मागितला नाही.